नाव न लिहिलेली कमांड

१

दुर्गा मोहिते गेली ती दुपारी तीन पंचावन्नला, इस्पितळाच्या फाटकातून आत शिरलेल्या रिक्षात. वय अडतीस. दम्याचा झटका आला होता. नवऱ्याच्या खांद्यावर डोकं होतं आणि हातातला पंप केव्हाच रिकामा झाला होता.

हजीरा भागातल्या तिच्या घरापासून चालत सहा-सात मिनिटांवर ‘अभयवाहिनी’ची अकरा नंबरची ॲम्ब्युलन्स उभी होती. आत ऑक्सिजनचं भरलेलं सिलिंडर होतं. ड्रायव्हर सावलीत बसून मोबाइलकडे पाहत होता. कुठे जायचं ते मोबाइलवर येतं, आणि त्या दुपारी पाऊण तास तिथे काहीच आलं नाही.

तीन बाराला अभयवाहिनीची सगळी यंत्रणा पुसली गेली होती. गाड्या कुठे आहेत, ड्रायव्हरचे नंबर काय, कोणाचा फोन आला, कुठली गाडी मोकळी आहे, सगळंच. किला गेटच्या कंट्रोल रूममध्ये सहा मुली रिकाम्या पडद्यांसमोर फोन उचलत होत्या आणि लोकांना थांबायला सांगत होत्या.

पाचव्या दिवशी अभयवाहिनी चालवणाऱ्या न्यासाचे सचिव सूर्याजी घोरपडे सीमंतिनी पागनीसांच्या घरी आले. सीमंतिनीबाईंनी तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली होती. निवृत्तीनंतर त्या अपघातांच्या खाजगी चौकशा करत. कमी बोलायच्या, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही थोडा वेळ गप्प राहायच्या. पुष्कळ लोक त्या शांततेतच पुढचं बोलून जात.

“पोलिसांत नाव द्यायचंय,” सूर्याजी म्हणाले. “नाव तर समोरच आहे. विहंग राजवाडे. ‘त्रिवेध’मधला इंजिनियर. आमची यंत्रणा तेच लोक चालवतात. कमांड त्यानेच दिली, तो स्वतः कबूल करतोय.”

“मग माझ्याकडे का आलात?”

सूर्याजींनी रुमालाने मान पुसली. बाहेर लू, भर उन्हाळ्याचा गरम वारा, सुटली होती. “तो म्हणतो, चुकून झालं. त्याचे मालक, यशोधन दिघे, म्हणतात मुद्दाम केलं. रजेवरून दोघांची भांडणं झाली होती. एकतीस वर्षांच्या माणसाचा जन्म जाईल, बाई. मला खात्री पाहिजे. त्याच सकाळी अकरा नंबरच्या नव्या गाडीची पूजा केली मी. पहिल्यांदा रस्त्यावर आली ती. दुपारी दिघ्यांच्या पडद्यावर ती हजीऱ्याला उभी दिसली, तर किती बरं वाटलं होतं. आणि तासाभरात हे.”

“तुम्ही तिथे होतात?”

“होतो ना. दुसऱ्या शहरातले दोघं पाहुणे घेऊन गेलो होतो, यंत्रणा दाखवायला.”

सीमंतिनीबाईंनी वहीत एक ओळ लिहिली आणि चप्पल घातली.

२

त्रिवेधचं ऑफिस खासगी बाजार नावाच्या पेठेत, एका कापडाच्या दुकानाच्या वर होतं. कूलरच्या घरघरीत चार टेबलं. काचेपलीकडे बैठकीची खोली, तिथे मोठा पडदा.

यशोधन दिघे पंचेचाळीसचे, इस्त्रीच्या शर्टात, नम्र. त्यांनी बाईंना सगळं उलगडून सांगितलं. क्लाउडवरचे सर्व्हर हलवायला त्यांच्याकडे ‘सूत्र’ नावाचं साधन होतं. एक ओळ लिहायची, की वीस सर्व्हर उभे राहतात. दुसरी ओळ लिहायची, की वीसच्या वीस नाहीसे होतात. सर्व्हरचे संच दोन. एक लाइव्ह, ज्यावर खऱ्या ॲम्ब्युलन्स चालतात. दुसरा टेस्ट, हुबेहूब तसाच, पण सरावापुरता. विहंगला टेस्ट मोडून नव्याने उभा करायचा होता. मोडलं लाइव्ह.

“कमांडमध्ये संचाचं नाव लिहावं लागतं?”

“लिहिलं तर तिथे जाते. नाही लिहिलं तर सूत्र एका फाइलीत बघतं. ‘सध्याचा संच’ कोणता, ते त्या फाइलीत असतं. स्विच म्हणून कमांड आहे, तिने ते बदलता येतं.” दिघ्यांनी एक छापलेला कागद पुढे सरकवला. “त्या संध्याकाळी मी फाइल उघडून फोटो काढून ठेवला. बघा, काय लिहिलंय?”

कागदावर एकच शब्द होता. टेस्ट.

“विहंग म्हणतो त्याने नाव लिहिलंच नव्हतं. पण नाव लिहिलं नसतं तर कमांड टेस्टवर गेली असती. गेली लाइव्हवर. म्हणजे त्याने लाइव्ह हे नाव आपल्या बोटांनी टाइप केलं. वर ‘विचारू नकोस’ हा पर्यायही लावला, म्हणून सूत्राने ‘नक्की का?’ असं विचारलंसुद्धा नाही.” त्यांनी आवाज खाली आणला. “मला वाईट वाटतं, बाई. त्याच्या आईला मी ओळखतो. पण एक बाई मेली आहे.”

“तुम्ही त्या वेळी काय करत होतात?”

“पाहुण्यांना रेकॉर्डिंग दाखवत होतो. त्या दिवशी मी सूत्राला हातही लावला नाही.”

हिशेब तर सरळ होता. सीमंतिनीबाई तो कागद घेऊन विहंगच्या घरी गेल्या, आणि दार उघडताच त्यांना कळलं की उशीर झाला तर इथेही एक मरण होईल.

३

विहंग पाच दिवस जेवला नव्हता. त्याची आई सुधाताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. घरातल्या सुऱ्या आणि औषधं तिने एका पिशवीत घालून शेजारणीकडे ठेवली होती. हे तिने बाईंना कानात सांगितलं.

“मी नाव लिहिलं नाही,” विहंग म्हणाला. त्याचा आवाज घासल्यासारखा झाला होता. “दोन पन्नासला मी टेस्टवर स्विच केलं. पडद्यावरच्या कमांडच्या खिडकीत समोर टेस्ट लिहिलेलं दिसत होतं. मग डबा खायला गेलो. परत आलो, तीच खिडकी, तेच टेस्ट. कमांड दिली. बस. पण मॅडम, मला आता स्वतःवरच भरोसा नाही राहिला. फाइल बोलतेय टेस्ट. तर मग मीच लिहिलं असेल. हो सकता है ना? माणूस लिहून देतो आणि त्याला कळत नाही.”

“मुद्दाम केलंस?”

“नाही!”

“मग लिहिलं असेल असं पुन्हा कुणासमोर म्हणू नकोस. जे आठवतं तेवढंच बोल.” त्या उठल्या. “सूत्राचं खातं तुझं वेगळं आहे?”

“नाही. एकच मशीन आहे, त्यावर एकच खातं. चौघंही त्याच्यावरच काम करतो. मी, अश्लेषा दीदी, शिखा, यशोधनदादा. आपापल्या टेबलावरून खिडकी उघडायची.”

“आणि ती फाइल?”

“ती त्या मशीनवरच. एकच आहे.” तो ताठ बसला. डोळे मोठे झाले. “एकच आहे, मॅडम.”

दुपारी त्या पुन्हा ऑफिसात आल्या. शिखा भदौरिया सत्तावीस वर्षांची, तपासणीचं काम करायची. बाईंनी तिला दुसऱ्या, रिकाम्या मशीनवर सूत्राच्या दोन खिडक्या उघडायला लावल्या.

“एका खिडकीत टेस्ट कर. मग दुसरीत लाइव्ह. आता पहिल्या खिडकीत काय दिसतं?”

“टेस्ट ही दिख रहा है।”

“तिथेच, नाव न लिहिता, नुसती विचारणा कर. कुठला संच आहे म्हणून.”

शिखाने कळ दाबली. पडद्यावर उत्तर आलं, लाइव्ह. ती पडद्याकडे पाहतच राहिली. “अरे बाप रे। वो नाम तो पुराना छपा हुआ है। एंटर मारो तभी बदलता है।”

“तुझं असं कधी झालं नाही?”

“मेरी खिड़की में तो शुरू से ही टेस्ट बाँध के रखती हूँ, मैडम. फाइल में कुछ भी हो, मेरा टेस्ट पे ही जाएगा।” तिने लॉग काढून दाखवला. तीन पाच ते तीन दहा, तिच्या सगळ्या तपासण्या टेस्टवरच गेल्या होत्या. “और सवा तीन के बाद तो मैं किला गेट पे थी, कंट्रोल रूम में. कागज पे गाड़ियों की लिस्ट बना रहे थे। लैपटॉप यहीं छोड़ के भागी थी।”

“तुमच्या खऱ्या मशीनवरच्या त्या फाइलीत शेवटचं कधी लिहिलं गेलं, ते कळतं?”

कुणी विचारलंच नव्हतं. फोटोत शब्द होता, वेळ नव्हती. शिखाने एक ओळ टाइप केली, आणि दोघी वाकून पाहू लागल्या.

फाइल शेवटची बदलली होती त्याच दिवशी, तीन एकतीसला. लाइव्ह पुसलं गेल्यानंतर एकोणीस मिनिटांनी.

४

म्हणजे तीन बाराला फाइलीत काय होतं ते दिघ्यांच्या कागदावरून कळतच नव्हतं. कुणीतरी नंतर तिथे टेस्ट लिहून ठेवलं होतं. विहंग तीन पंधरापासून बाथरूममध्ये ओकत होता, त्याला पाणी देणारा चपराशी साक्षीला होता. शिखा किला गेटला. उरले दोघं.

अश्लेषा इंगळे टीमची प्रमुख. लाइव्ह परत उभं करणारी तीच. तिने बाईंना सकाळीच लिहून दिलं होतं, ‘रिस्टोरचे तीन टप्पे, त्याला एकोणचाळीस मिनिटं लागली.’

सीमंतिनीबाईंनी क्लाउडचा लॉग पुढ्यात ठेवला. स्विचची नोंद तिथे नसते, कारण स्विच त्या मशीनच्या बाहेर जातच नाही. पण रिस्टोरची प्रत्येक कमांड तिथे होती.

“पहिला टप्पा तीन अठराला, लाइव्हवर. दुसरा तीन चोवीसला, लाइव्हवर. तिसरा तीन तेहतीसला.” बाईंनी बोट ठेवलं. “टेस्टवर. मग पुन्हा तिसराच, तीन बावन्नला, लाइव्हवर. सत्तावन्नला यंत्रणा चालू. एकोणचाळीस मिनिटं लागली नाहीत, अश्लेषा. तू एकोणीस मिनिटं चुकीच्या जागी वाट बघत होतीस.”

अश्लेषाने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

“मी कुणाला बोलले नाही,” ती म्हणाली. “सूत्राने ‘झालं’ म्हणून सांगितलं. मी नकाशा यायची वाट बघत राहिले. वाटलं, सर्व्हर उठायला वेळ घेतायत. साडेतीनला मी कंट्रोल रूमला सांगून दिलं होतं, पाच मिनिटांत होऊन जाईल, लोकांना तसं सांगा. मग पाच झाली, दहा झाली... बावन्नला बघितलं तर मी टेस्टवर टाकलेलं. मग लाइव्ह नाव लिहून पुन्हा चालवलं. ती बाई त्या वेळात गेली, मॅडम. विहंगने मोडलं, पण मारलं मी.”

“त्याआधी तिन्ही वेळा नाव लिहिलं नव्हतंस?”

“नाही. घाई होती. आणि पहिल्यांदा विचारणा केली तेव्हा सूत्र लाइव्ह म्हणालं होतं, तर लिहायची गरजच नव्हती.”

“मग चोवीस ते तेहतीसच्या मध्ये स्विच केलंस का?”

“तेच तर! नाही केलं. पण दुसरं कोण करणार? मीच केलं असेल घाबरून, असंच वाटत राहिलं.”

सीमंतिनीबाईंनी वही मिटली. पाच दिवस या ऑफिसात दोन माणसं न केलेली गोष्ट आपणच केली असं समजून जळत होती. आणि तिसरा माणूस ते पाहत होता.

“उद्या अकरा वाजता सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसव,” त्या म्हणाल्या. “विहंगला मी घेऊन येते.”

५

सूर्याजी आले होते. विहंग भिंतीला टेकून बसला होता, अश्लेषा आणि शिखा शेजारी. दिघ्यांनी सर्वांसाठी ताक मागवलं. कुणी घेतलं नाही.

“घोरपडे साहेब,” बाईंनी सुरुवात केली, “त्या दुपारी या पडद्यावर तुम्ही काय पाहिलं?”

“नकाशा. गाड्या फिरताना. अकरा नंबर हजीऱ्याला उभी.”

“मग?”

“मग पडदा पांढरा झाला. यशोधनजी म्हणाले, नेट गेलं.”

“दिघे, तुम्ही मला म्हणालात ते रेकॉर्डिंग होतं. रेकॉर्डिंगला नेट लागत नाही. आणि अकरा नंबरची गाडी त्याच सकाळी पहिल्यांदा रस्त्यावर आली. तिचं आधीचं रेकॉर्डिंग असणारच नाही. ती तुम्ही त्या क्षणी, लाइव्हवर पाहत होतात.”

दिघे हसले. “ठीक आहे. लाइव्ह दाखवलं. रुग्णांचे पत्ते बाहेरच्या लोकांना दाखवायला करारात बंदी आहे, म्हणून रेकॉर्डिंग म्हणालो. त्याचा याच्याशी काय संबंध?”

“नकाशा ‘सध्याच्या संचा’चाच उघडतो, म्हणून तो लाइव्हचा दिसावा यासाठी तुम्ही सामायिक खात्यावर स्विच केलं. विहंग डबा खात असताना. सगळ्यांची फाइल एकच, त्यामुळे त्याच्या खिडकीखालचा संचही बदलला. त्याला ते दिसायचा मार्गच नव्हता. तीन बाराला त्याची कमांड लाइव्हवर गेली ती त्या स्विचमुळे. इथपर्यंत ही चूक होती. तुमची आणि त्याचीही. विचारू नकोस असं त्याने यंत्राला सांगायला नको होतं.”

विहंगने मान हलवली. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही.

“तुम्हाला हे साडेतीनच्या सुमारास उमगलं. शिखा किला गेटला होती. विहंग उभा राहू शकत नव्हता. अश्लेषाने स्वतःच रिस्टोर चालवलं होतं, आणि तिने संच बदलला असता तर तिसरी कमांड नाव न लिहिता दिलीच नसती. या मशीनवर पाचवा कोणी नाही. तीन एकतीसला फाइलीत टेस्ट तुम्ही लिहिलंत, आणि संध्याकाळी तिचा फोटो काढलात.”

दिघ्यांनी ताकाचा ग्लास बाजूला सारला.

“मी फक्त होतं तसं करून ठेवलं,” दिघे म्हणाले. इस्त्रीच्या शर्टाला काखेत ओल आली होती. “कंपनी बुडाली असती. मला वाटलं, मोडायचं ते मोडलंय, आता फाइल बदलून कुणाचं काय जाणार? अश्लेषा नाव न लिहिता चालवतेय हे मला काय माहीत!”

“ती या काचेपलीकडे बसली होती. हाक मारली असतीत तर ऐकू गेलं असतं.”

“मला माहीत नव्हतं...”

“बावन्नला माहीत झालं ना? तिने पुन्हा कमांड दिली तेव्हा?” बाईंचा आवाज चढला नाही. “फाइल बदलली नसती तर तीन अडतीसला यंत्रणा चालू झाली असती. अकरा नंबर हजीऱ्यातच होती. दुर्गा मोहितेंना ऑक्सिजन मिळायला पावणेचार वाजले नसते. तेवढ्यात तो मिळता तर त्या वाचल्या असत्या, मी त्यांच्या डॉक्टरांना विचारलंय.”

अश्लेषा उठली. ती दिघ्यांसमोर जाऊन उभी राहिली. वाटलं, ती मारणार. ती फक्त म्हणाली, “पाच दिवस मी रोज तुमच्यासमोर बसत होते, दादा. रोज रडत होते. तुम्ही मला पाणी आणून देत होतात.”



सूर्याजींनी त्याच दुपारी तक्रार दिली. विहंग आणि अश्लेषा यांच्या चुकाही बाईंनी अहवालात जशाच्या तशा लिहिल्या, एकही शब्द मवाळ न करता. विहंगने अहवाल वाचला आणि खाली सही केली. त्या रात्री तो आईच्या हातचा वरणभात जेवला, असं सुधाताईने फोन करून कळवलं.

६

दोन दिवसांनी सीमंतिनीबाई हजीऱ्याला गेल्या. विहंगही सोबत यायचं म्हणाला होता. गल्लीच्या तोंडाशी त्याचे पाय थांबले, आणि तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. बाई एकट्याच जिना चढल्या.

कान्होजी मोहिते फौजेतून हवालदार म्हणून परतलेले, आता एका शाळेत सुरक्षा पाहत. त्यांनी अहवाल हातात घेतला नाही.

“तुम्हीच सांगा.”

बाईंनी सांगितलं. यंत्रणा, फाइल, स्विच, सगळं साध्या शब्दांत. ते न हलता ऐकत होते. एकदाच त्यांनी मध्ये विचारलं.

“साडेतीनला मला फोनवर सांगितलं होतं, पाच मिनिटं थांबा, गाडी पाठवतो. ते खोटं होतं?”

“नाही. सांगणारीला ते खरंच वाटत होतं. आणि ते खरं झालंही असतं. एक मिनिटानंतर त्या माणसाने ते खोटं केलं.”

“मी सत्तेचाळीसपर्यंत थांबलो.” ते आपल्या तळहातांकडे पाहत होते. “सतरा मिनिटं, बाई. रिक्षा खालीच उभी होती.”

“तुम्हाला थांबायला सांगितलं होतं. ऑक्सिजनची गाडी येणार असताना रिक्षात घालणं कुणीही केलं नसतं. तुमची चूक नव्हती.”

आतल्या खोलीच्या दाराशी एक मुलगी उभी होती. अकरा-बारा वर्षांची, आईसारख्याच भुवया. कान्होजींनी मान वळवली.

“ही प्रांजली. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही.” मग तिला, हळू, “इकडे ये बेटा. या बाई काय म्हणतात ते ऐकून घे.”

सीमंतिनीबाईंनी पुन्हा सगळं सांगितलं, तिला समजेल असं. अकरा नंबरची गाडी कुठे होती तेही सांगितलं, कारण मुलीने विचारलं. प्रांजलीने नीट ऐकलं. मग ती बाईंकडे पाहूनच बोलली.

“पण मी बाबांना म्हटलं होतं. रिक्षा आणा म्हणून. तीनदा म्हटलं होतं.”

अहवालात ते कुठेच नव्हतं.

“हो,” कान्होजी म्हणाले. “म्हटलं होतंस. मी ऐकलं नाही.”

मुलीचा चेहरा पहिल्यांदा हलला. ती बापाकडे आली नाही, पण दाराशी उभी होती तिथेच खाली बसली, गुडघ्यांत डोकं घालून, आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने रडू लागली. कान्होजी उठले आणि तिच्यापासून हातभर अंतर ठेवून जमिनीवर बसले.

सीमंतिनीबाईंनी अहवाल टेबलावर ठेवला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.